नऊ फेब्रुवारीची खाट

संगणकानं काही विचारलं की कारकूनबाई आधी चष्मा पुसायच्या, मग प्रश्न दोनदा वाचायच्या, आणि मग शेजारी कुणी आहे का ते बघायच्या. वृद्धाश्रमाच्या ऑफिसात त्यांची एकोणीस वर्षं गेली होती. त्यांतली दहा-बारा तरी संगणकासमोर. पण त्याच्याशी त्यांचं नातं नव्या व्याह्यांशी असावं तसंच राहिलं होतं. मान द्यायचा, जवळीक करायची नाही.

त्या दिवशी शेजारी कुणी नव्हतं आणि थांबायला वेळही नव्हता. वरच्या मजल्यावर घड्याळमास्तरांनी सलग तिसऱ्या दिवशी दुपारचं ताट परत पाठवलं होतं.

घड्याळमास्तर सत्त्याऐंशी वर्षांचे. उभी हयात घड्याळदुरुस्तीच्या दुकानात गेली, म्हणून हे नाव. त्यांना आता साल आठवत नसे, पुतण्याचं तोंड ओळखू येत नसे, पण भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं पुढे धावत असलं तर ते त्यांना खोलीत पाऊल टाकल्याबरोबर कळायचं. आश्रम जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत हलला आणि मास्तरांनी अन्न सोडलं. पाणी घेत होते, घास घेत नव्हते. डॉक्टर सकाळीच म्हणाले होते, "आज रात्रीचं जेवण शेवटचं बघू. नाहीतर उद्या दवाखान्यात नेऊन नाकातून नळी घालावी लागेल. आणि खरं सांगतो, या वयात एकदा नळी लागली की ती निघत नाही."

"ताई असत्या तर," असं आश्रमात प्रत्येकाच्या तोंडी होतं.

ताई म्हणजे इथल्या मुख्य सेविका. बावीस वर्षं त्यांनी या माणसांना न्हाऊ-माखू घातलं, आणि चार महिन्यांपूर्वी एका पहाटे झोपेतच, कुणाला काही त्रास न देता, गेल्या. त्यांना जे माहीत होतं ते कुणालाच माहीत नव्हतं. कोण कशाला घाबरतं, कुणाला कोणत्या बाजूनं उठवायचं, कुणाशी कोणता विषय काढायचा नाही. हे सगळं त्या लिहून मात्र ठेवायच्या. रोज दुपारी अर्धा तास ऑफिसात येऊन, कारकूनबाईंच्या खुर्चीवर हक्कानं बसून, उजव्या हाताच्या एका बोटानं टाइप करायच्या. एक अक्षर शोधायला त्यांना इतका वेळ लागायचा की तेवढ्यात कारकूनबाईंची विणकामाची एक ओळ पुरी व्हायची.

नाव मात्र त्या कुणाचंच लिहीत नसत. व्यवस्थापकांनी एकदा हटकलं तर म्हणाल्या होत्या, "कुणाचं अंथरूण ओलं होतं ते नावानिशी छापायला ही काय लग्नपत्रिका आहे?" म्हणून नावाऐवजी खोलीचा आणि खाटेचा आकडा असे. तीन नंबरच्या खोलीतली चौथी खाट म्हणजे तीन, आडवी रेघ, चार. बस्स. ज्याला कळायचं त्याला कळेल.

इमारत बदलताना जुना संगणक भंगारात गेला. त्यातला जुना प्रोग्राम नव्या यंत्रावर चालणार नव्हता, म्हणून जाताजाता एका तंत्रज्ञानं ताईंचं सगळं लिखाण एका फाइलमध्ये ओतून पेनड्राइव्हवर दिलं. "सगळं आलंय," असं व्यवस्थापकांनी जाहीर केलं, आणि घर हलवल्यावर काही खोकी वर्षभर न उघडता पडून राहतात तसा तो पेनड्राइव्ह ड्रॉवरमध्ये पडून राहिला.

आज कारकूनबाईंना त्याची आठवण झाली. मास्तरांबद्दल ताईंनी काहीतरी लिहिलं असणारच. त्यांनी पेनड्राइव्ह लावला, फाइलवर दोनदा टिचकी मारली. हिशेबाच्या तक्त्यांचा तो नेहमीचा हिरवा प्रोग्राम उघडला, आणि बाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

मराठी एक अक्षर नव्हतं. पहिल्या रकान्यात कसल्याशा तारखा होत्या, आणि पुढे पडदाभर नुसता चिखल. डोक्यावर तिरकी रेघ घेतलेला इंग्रजी ए, त्याच्यामागे चार शिंगं फुटलेलं वर्तुळ, मग आणखी कसली तरी खूण, पुन्हा तो ए, पुन्हा ते शिंगवालं वर्तुळ. खाली सरकवावं तितकं तेच. एकशेचाळीस ओळी.

बाईंनी घाबरून फाइल बंद करायला घेतली. संगणकानं विचारलं, बदल सेव्ह करायचे का? आता या ऑफिसचा एक नियम होता, आणि तो ताईंनीच घातलेला. कधीतरी त्यांची अर्ध्या तासाची मेहनत वीज गेल्यामुळे वाया गेली होती, तेव्हापासून पडद्याच्या कडेला त्यांच्या अक्षरातली पिवळी चिठ्ठी होती: बंद करण्याआधी सेव्ह. संगणक बदलला तरी बाईंनी ती चिठ्ठी जपून आणून नव्या पडद्यावर डकवली होती. त्यांनी चिठ्ठीकडे पाहिलं आणि 'होय' दाबलं.

बोट उचलताना त्यांच्या लक्षात आलं की आपण नेमकं काय केलं. ताईंचं लिखाण जे काही असेल ते असेल, त्यावर आपण आता चिखलाचा शिक्का मारला. पुन्हा उघडून पाहिलं. चिखलच. दुसरी प्रत नव्हती.

मग त्यांनी सुनेला फोन लावला, आणि हे त्यांच्यासाठी सोपं नव्हतं.

सून घरात येऊन दोन वर्षं झाली होती. भांडण म्हणाल तर एकदाही नाही. एकाच कचेरीतल्या दोन विभागांनी एकमेकांना फायली पाठवाव्यात तशा दोघी वागायच्या. सून आली तेव्हा रोज संध्याकाळी विचारायची, "आई, चहा घेणार?" बाई म्हणायच्या, "नको." आठ-पंधरा दिवस हे चाललं. मग सुनेनं विचारणं सोडलं, आणि बाईंना वाटलं, हिला आपलं काही पडलेलं नाही. त्यांनी ते कुणापाशी बोलून दाखवलं नाही. त्या बोलून दाखवणाऱ्यांतल्या नव्हत्याच.

सून एका मोठ्या ग्रंथालयात सूची करायची. देशोदेशीच्या पुस्तकांच्या याद्या तिच्याकडे यायच्या. फोनवर ती फक्त म्हणाली, "काही दाबू नका. येते." आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून चार वाजता हजर झाली.

खुर्ची ओढून तिनं पडद्याकडे पाहिलं. कारकूनबाई तिच्या तोंडाकडे बघत होत्या, डॉक्टरच्या तोंडाकडे बघतात तशा.

"हे होय," सून म्हणाली. "हे मी आठवड्यातून दोनदा बघते."

"मी सेव्ह केलं गं," बाई म्हणाल्या. "चिखल होता, आणि मी तो सेव्ह केला. सगळं माझ्या हातून गेलं."

सुनेनं आधी फाइलची एक प्रत काढून बाजूला ठेवली. मग विचारलं, "तुम्हाला यात काय दिसतं?"

"काय दिसायचंय? कचरा." पण बाईंनी चष्मा पुसला आणि नीट पाहिलं. बघता बघता त्या पुढे वाकल्या. "थांब. हा कचरा नाही. हे तिनातिनानं येतंय. पहिला टाका तोच, दुसरा तोच, तिसरा तेवढा बदलतो. ए, वर्तुळ, काहीतरी. ए, वर्तुळ, काहीतरी. मधूनच वर्तुळाच्या जागी दोन आडव्या रेघांचा वाय येतो, पण तोही ठरल्यासारखाच. अगं, ही तर नक्षी आहे."

सुनेनं मान वळवून सासूकडे पाहिलं. "हे ओळखायला मला नोकरीत सहा महिने लागले होते."

"मी चाळीस वर्षं विणते," बाई म्हणाल्या. "नक्षी डोळ्यांना दिसते."

मग सुनेनं एक कोरा कागद ओढला आणि पेन्सिलीनं त्यावर 'त' काढला. "संगणकाला हे कळत नाही. त्याला फक्त आकडे कळतात. आपल्या एका 'त'साठी तो तीन आकडे ठेवतो. तिन्ही मिळून एक अक्षर. हा प्रोग्राम फाइल उघडताना विचारत नाही की बाबा, तू कोणत्या पद्धतीनं लिहिलेली आहेस. तो आपल्याच सवयीनं एकेक आकडा सुटा घेतो आणि प्रत्येकाचं एक वेगळं अक्षर करतो. म्हणून 'त'चं हे झालं." तिनं खाली लिहिलं: à¤¤. "अक्षरं कुठे गेलेली नाहीत, आई. वाचणारा चुकतोय."

"आणि मी सेव्ह केलं ते?"

"तेच आता बघायचंय." सुनेचा आवाज जरा खाली आला. "त्यानं सुटे आकडे सुटे म्हणूनच परत ठेवले असतील, तर सगळं जागच्या जागी आहे. मध्येच हुशारी केली असेल तर नाही."

तिनं फाइलवर टिचकी मारली नाही. कोरा तक्ता उघडला, वरच्या पट्टीतून मजकुराची फाइल आत घेण्याचा पर्याय निवडला. एक छोटी चौकट आली. तिच्यात वर एक लांबलचक यादी होती, जगातल्या साऱ्या लिप्या रांगेत उभ्या केल्यासारखी, आणि खाली नमुना म्हणून चिखलाच्या पाच ओळी. सून यादीत खाली खाली जात राहिली. शेवटी पासष्ट हजार एक असा आकडा असलेली एक ओळ आली. युनिकोड, यूटीएफ-आठ. तिनं ती निवडली.

चौकटीत क्षणभर काहीच झालं नाही. मग चिखल एकदम खाली बसला आणि ताई बोलू लागल्या.

'अंघोळीचं पाणी आधी हाताला लावावं, मग अंगावर. एकदम ओतलं तर रडतात.'

कारकूनबाईंचा हात तोंडावर गेला. सुनेनं फाइल आत घेतली, पडदा भरला, आणि ओळीमागून ओळ समोर येत गेली.

'उजव्या कानानं ऐकू येत नाही पण मान्य करत नाहीत. आपणच डावीकडून जावं.'

'शिव्या देतात. मनावर घेऊ नये. शिव्या बंद झाल्या तर लगेच डॉक्टरांना बोलवावं.'

'रोज चार वाजता मुलीची वाट बघतात. मुलगी येणार नाही असं सांगू नये. बस उशिरा आहे म्हणावं.'

बाईंनी हे सगळं लिहिलं जाताना पाहिलं होतं, त्याच खोलीत बसून, सुया चालवत. तेव्हा ती नुसती टकटक होती. आता त्यांना कळेना की हसावं की रडावं. चार महिने हे बोलणं कुणी न वाचता पडलं होतं, गेला तासभर पडद्यावर उघडं असून कुणाला दिसत नव्हतं, त्यांनी स्वतः त्यावर शिक्का मारला होता, आणि तरी एक काना इकडचा तिकडे झाला नव्हता. एका बोटानं शोधून शोधून लिहिलेलं सगळं जसंच्या तसं. त्यांना फार मोठ्या कशाच्या तरी समोर उभं असल्यासारखं वाटलं, आणि त्यांनी ते सरळ सांगितलं. "मला भीती वाटतेय गं. चांगली भीती."

"मलाही वाटते," सून म्हणाली. "दर वेळी."

घड्याळात साडेपाच झाले होते. सात वाजता वर जेवण. "मास्तरांचं शोध," बाई म्हणाल्या. "जुन्या इमारतीत नऊ नंबरची खोली, दुसरी खाट. नऊ, रेघ, दोन."

सुनेनं शोधलं. मिळालं नाही. पुन्हा शोधलं. मग ती पहिल्या रकान्याकडे गेली आणि तिचा चेहरा उतरला.

"आई, इथे नुसत्या तारखा आहेत. खोल्यांचे आकडे नाहीतच."

"ताई तारखा लिहीत नव्हत्या."

"मग ते त्या सेव्हमध्ये गेले." तिनं हे सांभाळून सांगितलं, पण सांगितलं. "अक्षरं त्याला कळली नाहीत म्हणून त्यानं त्यांना हात लावला नाही. आकडे कळले, म्हणून त्यानं त्यांचं काहीतरी केलं. हे मला उलटवता येणार नाही. मूळचं काय होतं ते फाइलमध्ये उरलेलंच नाही. न जेवणाऱ्यांबद्दलच पंधरा-वीस ओळी असतील. एकीत लिहिलंय एकटं सोडावं, दुसरीत लिहिलंय एकटं सोडू नये. आणि आपल्याकडे जेवण एकच आहे."

म्हणजे शेवटी चिठ्ठी नडलीच. बाई तारखांचा रकाना वरून खाली वाचत राहिल्या. एक जानेवारी. एक फेब्रुवारी. एक मार्च. एक एप्रिल. दोन जानेवारी. त्या बऱ्याच खालपर्यंत गेल्या आणि पुन्हा वर आल्या.

"यात मे कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"कसला मे?"

"मे महिना. जून, जुलै. एवढ्या ओळींत सगळे दिवस जानेवारी ते एप्रिल. आणि सव्वीसच्या पुढची एकही तारीख नाही." बाईंनी चष्मा काढला. त्यांना आता त्याची गरज नव्हती. "जुन्या इमारतीत सव्वीस खोल्या होत्या आणि प्रत्येक खोलीत फार तर चार खाटा. या तारखा नाहीत. तीन, रेघ, चार असं दिसलं की या शहाण्याला वाटलं तीन एप्रिल. दिवस म्हणजे खोली, महिना म्हणजे खाट. काही गेलेलं नाही. नऊ फेब्रुवारी काढ."

सुनेनं नऊ फेब्रुवारी काढली.

'समोर उभं राहून भरवू नये. उभा माणूस त्यांना गिऱ्हाईक वाटतो, आणि गिऱ्हाईक उभं असताना ते घास घेत नाहीत. शेजारी बसावं. दार लोटून घ्यावं. दुकान बंद झालं म्हणावं.'

जुन्या जेवणघरात लांब बाकडी होती. उभं राहायला जागाच नसे, म्हणून सेविका बाकड्यावरच शेजारी टेकून भरवायच्या. ताई गेल्यावरही ते तसंच चालत राहिलं आणि का ते कुणाला ठाऊक असायची गरज पडली नाही. नव्या इमारतीत प्रत्येकाला स्वतंत्र खुर्ची आणि स्वतंत्र ट्रे. सेविका उभ्या. मास्तर जेवेनासे झाले तशी उभी राहणारी माणसं वाढत गेली. आधी एक, मग दोन, मग डॉक्टर, मग व्यवस्थापक.

सात वाजता कारकूनबाई वर गेल्या. खोलीत चौघं उभी होती. मास्तर खुर्चीत ताठ बसलेले, हात मांडीवर, समोरची वाटी निवत चाललेली. ते एकेकाच्या चेहऱ्याकडे अदबीनं बघत होते.

"सगळे बाहेर चला," बाई म्हणाल्या. एकोणीस वर्षांत त्यांनी व्यवस्थापकांना असं कधी सांगितलं नव्हतं, आणि बहुधा म्हणूनच ते निमूट बाहेर गेले.

बाईंनी दार लोटलं. स्टूल ओढून मास्तरांच्या शेजारी बसल्या. "दुकान बंद झालं," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी दाराकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग भिंतीवर नजर टाकून म्हणाले, "दोन मिनिटं पुढे आहे."

"हो. उद्या बघू."

"उद्या बघू," मास्तर म्हणाले. त्यांनी चमचा उचलला, वाटी जवळ ओढली आणि पहिला घास घेतला. मग दुसरा. बाई त्यांच्याकडे न बघता समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात हलवायची त्यांची हिंमत नव्हती. वाटी निम्मी झाल्यावर मास्तर दमलेल्या माणसासारखे खुर्चीत मागे टेकले.

"तीन दिवस गर्दी फार होती," ते म्हणाले, आणि पुन्हा जेवू लागले.

बाई खाली आल्या तेव्हा ऑफिसात सून प्रत्येक ओळीपुढे नवा आकडा घालत होती. या वेळी तिनं सगळीकडे 'खोली नऊ, खाट दोन' असं अक्षरांत लिहिलं होतं, म्हणजे कुणाला तारखेचा मोह व्हायला नको.

"जेवले," बाई म्हणाल्या. "सगळी वाटी."

सुनेनं डोळे मिटून घेतले आणि मान हलवली. बाई आपल्या खुर्चीकडे वळल्या, तर टेबलावर चहाचा कप होता. वाफ निघत होती. वर बशी झाकलेली.

"मी मागितला नव्हता," त्या म्हणाल्या.

"माहितेय," सून म्हणाली, आणि तिनं पडदा त्यांच्याकडे वळवला.

फाइलची अगदी शेवटची ओळ होती. तिच्यापुढचा आकडा तेवढा बिघडला नव्हता, कारण शून्य तारीख कुठल्याच महिन्यात नसते. शून्य, रेघ, एक. तळमजला, ऑफिस, पहिली खुर्ची.

'कारकूनबाई. स्वतःहून काही मागणार नाहीत. चहा घेणार का असं विचारू नये, नको म्हणतात. आणून पुढ्यात ठेवावा. मग घेतात.'

बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. शेजारी कुणी आहे का ते या वेळी त्यांना बघावं लागलं नाही. त्या बसल्या, बशी बाजूला केली आणि कप उचलला. साखर जरा जास्त झाली होती. त्यांनी सगळा चहा प्यायला.